सरकारचे खाते, धर्मादायाचे खाते

बडोद्याच्या जुन्या शहरात लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट या चारही दरवाज्यांकडून निघालेले रस्ते मांडवीच्या चौकात एकत्र येतात. आपल्यापैकी कितीतरी जणांचे बालपण या चौकाच्या आसपास गेले, पण या नावाचा अर्थ काय, हे फारसे कुणी विचारत नाही. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. माल आला की तो उतरवायचा, पाहायचा आणि त्यावरचे देणे चुकते करायचे ठिकाण. मुंबईलाही मांडवी आहे, कच्छातही आहे. जिथे व्यापार, तिथे मांडवी. म्हणजे आपल्या शहराच्या अगदी मध्यभागी कराचे नाव कोरलेले आहे आणि आपण रोज त्याखालून जातो.

ही गोष्ट यंदा आमच्या मनात आली त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या काकांनी या वर्षी रावपुऱ्यातले दुकान बंद केले. आजोबांनी ते १९४६ साली काढले होते. वह्या, चोपडे, पावतीपुस्तके बांधायची आणि विकायची. आमचे पणजोबा गायकवाड सरकारच्या चाकरीत कारकून होते आणि त्यांना शेवटपर्यंत पेन्शन मिळाली. आजोबांनी नोकरी न करता दुकान थाटले, तेव्हा पणजोबा काही दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तो राग कशाचा होता, हे आम्हाला यंदा माळ्यावरचे जुने चोपडे खाली काढताना कळले.

चोपडे लाल कापडाचे, लांबट. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर श्री आणि स्वस्तिक. आत खाती. मालाची, उधारीची, दुकानभाड्याची. एक खाते ‘श्री सरकार’ या नावाचे. त्यात आयकर, विक्रीकर, म्युनिसिपालिटी. दुसरे ‘श्री धर्मादाय’. त्यात गणपतीची वर्गणी, पांजरपोळ, कुणाच्या मुलीच्या लग्नाला मदत, एका विद्यार्थ्याची फी. काकांनी सगळे चोपडे चाळून पाहिले आणि म्हणाले, ‘‘बघा, सरकारचे खाते आहे, देवाचे आहे. म्हाताऱ्या माणसाचे खाते कुठे आहे?’’ काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. पन्नास वर्षे त्यांनी त्या गादीवर बसून कर भरला. दुकान बंद झाले त्या दिवसापासून त्यांना कुठूनही महिन्याला एक रुपया ठरलेला येत नाही.

एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाकडून राज्याने आणि समाजाने काय घेतले, कशासाठी घेतले आणि परत काय दिले, याचा मागोवा घ्यावा असे आम्हाला तेव्हा वाटले. आपल्या समाजात नोकरदार पुष्कळ, म्हणून हा इतिहास आपल्या घरांत फारसा सांगितला जात नाही. पण आता आपल्याच मुलामुलींपैकी कितीतरी जण स्वतःचे काम करू लागले आहेत. कुणी डबे पुरवते, कुणी शिकवण्या घेते, कुणी छायाचित्रे काढते, कुणी घरून हिशेब लिहून देते. त्यांच्यासाठी हा लेख.

पेठ, मोहतर्फा आणि हुंडेकरी

पेशवाईत दुकानदार, कारागीर, तेली, साळी, रंगारी यांच्यावर जो कर बसे त्याला मोहतर्फा म्हणत. हिर्फा या अरबी शब्दाचा अर्थ हुन्नर, धंदा. त्यावरून हे नाव आले. हा कर मिळकत मोजून घेतला जात नसे. दुकानामागे इतके, मागामागे इतके, घाण्यामागे इतके असा तो वर्षाचा ठरलेला असे. तेल्याने किती तेल काढले हे सरकार विचारत नसे, घाणा किती आहेत एवढेच विचारी. वसुलीची वाटणी पेठेतले शेटे आणि महाजन करीत. हे दोघे वतनदार. बाजाराची व्यवस्था पाहायची आणि त्याबद्दल दुकानांकडून आपला हक्क घ्यायचा, अशी त्यांची रीत. कुणाची परिस्थिती कशी आहे, कुणाचा धंदा बसला आहे, हे त्यांना ठाऊक असे. त्यातून न्यायही होई आणि अन्यायही.

नवी पेठ वसवायची असेल तर सरकार व्यापाऱ्यांना कौल देई. पहिली काही वर्षे कर माफ, मग थोडा, मग पुरता. पुण्याच्या पेठा अशाच वसत गेल्या. धंदा आधी उभा राहू द्यावा आणि मग त्याच्याकडून मागावे, हे शहाणपण त्या कौलनाम्यांत होते.

मालावरची जकात मात्र डोकेदुखीची होती. माल जिथे भरला तिथे स्थळभरीत, जिथे विकला तिथे स्थळमोड आणि वाटेत मार्गजकात. रस्त्यात ठिकठिकाणी चौक्या, प्रत्येक चौकीचा दर वेगळा. छोट्या व्यापाऱ्याला हे झेपत नसे, म्हणून हुंडेकरी नावाचा धंदाच तयार झाला होता. व्यापाऱ्याने हुंडेकऱ्याला एकरकमी पैसे द्यायचे आणि वाटेतल्या सगळ्या चौक्यांचे देणे त्याने निस्तरायचे. आज दर महिन्याला जीएसटीचे कागद घेऊन सल्लागाराकडे जाणाऱ्या दुकानदाराने हुंडेकऱ्याला आपला जुना ओळखीचा माणूस समजायला हरकत नाही. नियम गुंतागुंतीचे झाले की ते उलगडणाऱ्याचा खर्चही लहान धंद्यावरच पडतो, हे तेव्हाही खरे होते.

लागा आणि धर्मादाय

सरकारचे देणे झाले. पण व्यापाऱ्याचे देणे तिथेच संपत नसे. गुजरातेत प्रत्येक धंद्याचे महाजन असे. इथे महाजन म्हणजे एक व्यक्ती नव्हे, तर त्या धंद्यातल्या लोकांची पंचायत. ती आपल्या सभासदांकडून मालाच्या प्रमाणात लागा घेई. त्या पैशातून पांजरपोळ चाले, धर्मशाळा चाले, अडचणीतल्या सभासदाला हात दिला जाई. मुंबईची पांजरपोळ १८३४ साली सुरू झाली, तेव्हा जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद हे पुढे होते, आणि तिचा खर्च चालावा म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर लागा बसवून घेतला. सरकारने न सांगता लोकांनी आपल्यावर लादून घेतलेला हा कर होता.

याच परंपरेतली एक गोष्ट आपण मराठ्यांनी विसरू नये. १७२५ साली मराठी फौजा अहमदाबादच्या दाराशी आल्या होत्या. शहर लुटले जाऊ नये म्हणून नगरशेठ खुशालचंद यांनी स्वतःच्या पैशातून खंडणी भरली. त्या उपकाराची फेड म्हणून शहरातल्या व्यापाऱ्यांनी आपल्या मालावर शेकडा चार आणे त्यांच्या घराण्याला कायम देण्याचे कबूल केले, आणि पुढे इंग्रज आल्यावरही त्या हक्काच्या बदल्यात घराण्याला वार्षिक रक्कम मिळत राहिली. त्या फौजा आपल्याच पूर्वजांच्या होत्या. पण संकट टळल्यावर त्याचा भार सगळ्या बाजारात वाटून घेणारे व्यापारी हेही याच मातीतले. आज आपण त्यांच्याच शहरांत तीनशे वर्षे राहतो आहोत, तेव्हा दोन्ही बाजू आपल्याच समजाव्या.

आजोबांच्या चोपड्यातले ‘श्री धर्मादाय’ हे त्या लाग्याचे नातवंड होते. पूर्वी घाऊक व्यापारी बिलातच गोणीमागे काही पै धर्मादाय म्हणून लावीत, गिऱ्हाईकही निमूटपणे देई. या पैशाची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवली पाहिजे. तो ज्याला मिळे त्याला दान म्हणून मिळे, हक्क म्हणून नव्हे. महाजनांची मर्जी असेल तर मिळे, नसेल तर नाही. आणि ज्याने आयुष्यभर दिले तो मागायला जायला लाजे.

विल्सनसाहेबांचा कर

इंग्रजांनी मुंबई इलाख्यात मोहतर्फा, बलुत्यांवरचे कर आणि शहरांतल्या जकाती १८४४ च्या कायद्याने रद्द केल्या. दुकानदारांना आनंद व्हायला हवा होता. पण सरकारने ही तूट भरून काढण्यासाठी मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपयावर नेला. दुकानदाराचा कर उतरला आणि सगळ्या गरिबांच्या ताटात जाऊन पडला. सुरतेत त्या वर्षी मोठा दंगा झाला आणि सरकारला दर खाली आणावा लागला.

मग १८५७ आले. बंडाचा खर्च सरकारच्या डोक्यावर बसला. तिजोरी सावरण्यासाठी लंडनहून जेम्स विल्सन यांना पाठवण्यात आले. हे गृहस्थ ‘इकॉनॉमिस्ट’ या साप्ताहिकाचे संस्थापक. फेब्रुवारी १८६० मध्ये त्यांनी आयकराची योजना मांडली आणि २४ जुलै १८६० पासून तो कर लागू झाला. वर्षाला दोनशे ते पाचशे रुपये मिळवणाऱ्याला शंभराला दोन रुपये, त्यावर मिळवणाऱ्याला चार रुपये. इंग्लंडातल्या आयकराच्या धर्तीवर जमीन, धंदा-व्यापार, सरकारी रोखे आणि पगार-पेन्शन अशी मिळकतीची चार दालने पाडली होती. मद्रासचे गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनी या कराला उघड विरोध केला म्हणून त्यांना परत बोलावण्यात आले. विल्सन स्वतः कर सुरू झाल्यानंतर महिन्याच्या आतच, ११ ऑगस्ट १८६० रोजी, कलकत्त्यात आजाराने वारले.

मोहतर्फा आणि हा कर यांत मूलभूत फरक होता. मोहतर्फा घाणा मोजी, आयकर माणसाची मिळकत विचारी. पगारदाराची मिळकत कागदावर असते. पण फरसाणवाल्याची, शिंप्याची, चोपडे बांधणाऱ्याची मिळकत सांगणार कोण? त्याने सांगितले तर अंमलदाराचा विश्वास बसत नसे आणि अंमलदाराने ठरवले तर त्याला पटत नसे. दोनच वर्षांत, १८६२ मध्ये, दोनशे ते पाचशेच्या गटाला सरकारने वगळले. पैसे थोडे आणि कटकट फार, हे सरकारलाही कळले. १८६५ मध्ये हा कर संपला. त्यानंतर १८६७ मध्ये लायसन्स टॅक्स, १८६८ मध्ये सर्टिफिकेट टॅक्स, १८६९ मध्ये पुन्हा आयकर आणि १८७३ मध्ये तोही बंद, असा खेळ चालला. तेरा वर्षांत दुकानदाराने किती तऱ्हांचे कागद पाहिले असतील, याची कल्पनाच करावी.

सुरतेची बंद दुकाने

या कथेतला सगळ्यात कडू अध्याय १८७८ चा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थानात लाखो माणसे मेली. पुढच्या दुष्काळासाठी दरसाल दीड कोटी रुपयांची तजवीज करावी असे सरकारने ठरवले. व्हाइसरॉय लिटन, अर्थखाते सर जॉन स्ट्रॅची यांच्याकडे. दुष्काळाचा विमा असे या तजविजीचे नाव पडले. त्यासाठी जो पैसा उभा करायचा त्यातला एक वाटा धंदेवाल्यांवरच्या नव्या लायसन्स टॅक्सातून यायचा होता.

हेतू कुणी वाईट म्हणणार नाही. पण कर कुणावर बसला ते पाहा. मुंबई इलाख्यात वर्षाला शंभर रुपये मिळवणारा लहान दुकानदारसुद्धा त्यात सापडला. आणि मोठ्या पगाराचा सरकारी अधिकारी, वकील, डॉक्टर त्यातून सुटले. दुष्काळ सगळ्यांचा, विमा सगळ्यांसाठी आणि हप्ता मात्र दुकानदाराचा. एप्रिल १८७८ मध्ये सुरतेच्या व्यापाऱ्यांनी दुकाने बंद केली. काही दिवसांनी जमाव बिथरला, गोळीबार झाला, माणसे दगावली. पुढे खटले झाले. त्या वेळी तरुण असलेल्या फिरोजशहा मेहतांनी आरोपींची बाजू लढवली आणि आरोपी सुटले. १८८० मध्ये सरकारने कराची किमान मर्यादा शंभरावरून पाचशेवर नेली.

याहून वाईट गोष्ट नंतर घडली. १८७८ अखेर अफगाणिस्तानचे युद्ध पेटले आणि दुष्काळासाठी म्हणून राखायचा पैसा बाजूला राहिला. युद्धाचा खर्च पुढे आला. हिंदी वृत्तपत्रांनी आणि सभांनी यावर फार टीका केली. दुकानदाराला कर देण्याचा जेवढा राग आला नव्हता, तेवढा राग या फसवणुकीचा आला. ज्या नावाने पैसा घ्यायचा त्या कामाला तो लावायचा नाही, यासारखी लोकांच्या मनातून उतरण्याची दुसरी वाट नाही. मंडळाच्या वर्गणीलाही हे लागू आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे!

शेवटी १८८६ च्या कायद्याने आयकर परत आला, आणि या वेळी पगारदार, वकील, अधिकारी सगळेच त्यात आले. पाचशे रुपयांखालच्याला कर नाही. दोन हजारांपर्यंत रुपयाला साधारण चार पै, पुढे पाच पै. म्हणजे शंभराला दोन-अडीच रुपये. शेतीच्या उत्पन्नाला माफी आणि एकत्र हिंदू कुटुंबाला स्वतंत्र करदाता मानण्याची सोय याच कायद्यातली. १९२२ आणि १९६१ चे कायदे याच पायावर उभे राहिले.

बडोद्यातले वेरे

हे सगळे ब्रिटिश मुलखात. बडोदे राज्यात काय होते? इथे कराला वेरो म्हणत आणि आपले मराठी कारकून दप्तरात वेरा, वेरे असे लिहीत. जातीजातींवर, धंद्याधंद्यांवर लहानसहान वेरे पूर्वापार चालत आलेले होते. त्यातले काही इतके क्षुल्लक की वसुलीचा त्रास जास्त आणि पैसा कमी. १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यावर सर टी. माधवराव दिवाण झाले. त्यांनी यातले बरेच जाचक वेरे काढून टाकले. पुढे सयाजीराव महाराजांनी राज्यकारभार हाती घेतल्यावर धंद्यांवरच्या फुटकळ वेऱ्यांच्या जागी मिळकतीवरचा एकच कर आणण्याचे धोरण चालू राहिले. अर्थशास्त्रज्ञ रमेशचंद्र दत्त १९०४ मध्ये बडोद्यात अमात्य म्हणून आले, तेव्हा त्यांनीही लहान मिळकतीवरचा भार हलका करण्याकडे लक्ष दिले. जातीवरून वा धंद्याच्या नावावरून कर न घेता मिळकतीवरून घ्यायचा, हा बदल आपल्या राज्यात झाला, याचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

मात्र त्याच राज्यात पेन्शन कुणाला होती? सरकारी नोकराला. पणजोबांसारख्या कारकुनाला. म्हणून बडोद्याचा मराठी माणूस नोकरीला चिकटून राहिला आणि मुलगा दुकान काढतो म्हटल्यावर बाप रागावला. पणजोबांचा राग धंद्यावर नव्हता; म्हातारपणी कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढीच त्यांची काळजी होती.

१९४९ मध्ये बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले. भारत सरकारचा आयकर आला, मुंबई राज्याचा विक्रीकर आला. आजोबांच्या ‘श्री सरकार’ खात्याची पाने त्या वर्षापासून भराभर भरू लागलेली दिसतात.

दुसऱ्या दुष्काळाचा कर

१८७८ च्या गोष्टीचा एक चांगला जोड महाराष्ट्रात झाला. १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमी योजना मोठ्या प्रमाणावर राबवायची ठरली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे तिचे जनक. पैसा कुठून आणायचा? १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसवला. दुकानदार, डॉक्टर, वकील यांच्याबरोबर तो पगारदारांवरही होता. रोजगार हमीसाठी घेतलेल्या करांच्या उत्पन्नाएवढीच रक्कम राज्य सरकारने स्वतःची घालायची, अशी व्यवस्था होती. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या माणसाच्या पगारातून आणि गल्ल्यातून गेलेल्या थोड्या थोड्या रुपयांतून खेड्यातली पाझर तलावांची, बंडिंगची, रस्त्यांची कामे झाली आणि काम मागणे हा गरिबाचा हक्क झाला.

शंभर वर्षांपूर्वी जे चुकले होते ते इथे दुरुस्त झाले. दुष्काळासाठी कर, पण सगळ्या धंद्यांवर आणि पगारांवर. आणि तो ज्या कामासाठी त्याच कामाला. व्यवसाय करावर घटनेने मर्यादाही घातली आहे. ती आधी वर्षाला २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली. गुजरातमध्येही १९७६ पासून व्यवसाय कर आहे. आमच्या काकांच्या दुकानातल्या भिंतीवर त्याचे प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत, देवाच्या तसबिरीशेजारी होते.

पुन्हा घाणा मोजणे

स्वातंत्र्यानंतर सरकारलाही विल्सनसाहेबांचा जुना प्रश्न सुटला नाही. लहान दुकानदाराची मिळकत मोजायची कशी? शेवटी सरकार मोहतर्फ्याच्या वाटेने परत आले. १९९२ मध्ये पाच लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या किरकोळ दुकानदारासाठी वर्षाला १,४०० रुपये एकरकमी भरण्याची सोय निघाली. ती पुढे बंद झाली. १९९७ मध्ये किरकोळ व्यापाऱ्याला उलाढालीच्या पाच टक्के नफा गृहीत धरून कर भरण्याची मुभा मिळाली. १९६१ च्या कायद्यातले कलम ४४ एडी सगळ्यांना माहीत आहे. उलाढालीच्या आठ टक्के, बँकेतून वा मोबाइलवरून आलेल्या पैशावर सहा टक्के नफा धरायचा, आणि हिशेबाचे चोपडे तपासण्याची कटकट नाही. जीएसटीतही लहान व्यापाऱ्याला एक टक्का भरून मोकळे होण्याची कंपोझिशन योजना आहे. घाणा किती आहेत ते सांगा आणि घरी जा, हाच जुना न्याय.

जकातीचे काय? गुजरातच्या महानगरपालिकांतली जकात २००७ मध्ये गेली. शहराच्या वेशीवरचे नाके उठले. मांडवीला आता फक्त नाव उरले आहे.

न उघडलेले खाते

आता काकांच्या प्रश्नाकडे येऊ. पगारदारासाठी स्वतंत्र भारताने बरेच केले. १९४८ चा राज्य विमा कायदा, १९५२ चा प्रॉव्हिडंट फंड, १९७२ ची ग्रॅच्युइटी. राज्य विमा आणि प्रॉव्हिडंट फंड यांत मालक आणि कामगार दोघे पैसे घालतात, ग्रॅच्युइटी एकटा मालक देतो. पण जो स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, त्याच्यासाठी दुसरा हात कुणाचा? त्याने फक्त कर भरावा. इंग्लंडाकडून आपण १८६० मध्ये धंद्यावरच्या आयकराची तऱ्हा उचलली. त्याच इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून स्वतःचा धंदा करणाऱ्यालाही दर आठवड्याला ठरलेली रक्कम भरून म्हातारपणाची पेन्शन मिळू लागली. कर आपल्याकडे आला, ते दुसरे पान आले नाही.

मग आपल्या दुकानदारांनी काय केले? आयुर्विमा काढला. भिशी लावली. पिग्मी भरली. ही पिग्मी १९२८ मध्ये कर्नाटक किनाऱ्यावर उडुपीच्या बाजूला सुरू झाली. बँकेचा माणूस रोज दुकानात येऊन दोन-दोन आणे गोळा करी. बेळगावकडच्या आपल्या बांधवांना ती चांगली ठाऊक आहे. रोजच्या गल्ल्यातून रोज थोडे बाजूला, हे ज्याची मिळकत रोज बदलते त्याच्या स्वभावाला धरून होते. १९६८ पासून पीपीएफ आहे. २००९ पासून एनपीएस कुणालाही घेता येते. २०१९ मध्ये लघु व्यापाऱ्यांसाठी मानधन योजना निघाली. १८ ते ४० वयात नोंद करायची, वयानुसार महिन्याला ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालते, आणि साठीनंतर महिन्याला ३,००० रुपये मिळतात. यातल्या दोन अटी अशा: वय चाळीसच्या आत हवे आणि माणूस आयकर भरणारा नसावा. काका दोन्ही अटींत बसत नाहीत. पन्नास वर्षे कर भरला हीच त्यांची अडचण ठरली.

काकांच्या बाबतीत हळहळून आता उपयोग नाही. त्यांच्यामागे आम्ही भावंडे आहोत. पण ज्यांच्यामागे कुणी नाही, अशीही माणसे आपल्याच समाजात आहेत. गणपतीच्या वर्गणीला जाताना आपण ज्या दुकानांत हक्काने शिरतो, जे लोक पावती फाडण्याआधीच पाकीट काढतात, त्यांतल्या किती जणांच्या चोपड्यात म्हातारपणाचे खाते आहे, हे आपण कधी विचारतो का?

म्हणून यंदा आम्ही मंडळापुढे एक साधी सूचना ठेवली आहे. उत्सवाच्या दहा दिवसांत एक संध्याकाळ एकट्याने धंदा करणाऱ्यांसाठी राखावी. आपल्यातले सनदी लेखापाल, बँकेतले निवृत्त अधिकारी त्या दिवशी मांडवात टेबल घेऊन बसतील. ज्याचे वय चाळीसच्या आत आहे त्याची मानधन योजनेत नोंद करून द्यायची, ज्याचे जास्त आहे त्याला पीपीएफ, एनपीएस समजावून सांगायचे, आणि ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याचा फॉर्म भरून द्यायचा. धर्मादाय खात्यातून मंडळाला एवढ्या वर्षांत पुष्कळ मिळाले. त्याची फेड दान देऊन करण्यापेक्षा खाते उघडून देऊन करावी.

आजोबांचा शेवटचा कोरा चोपडा आमच्याकडे आहे. येत्या दिवाळीला आमच्या पुतणीच्या धंद्याचे वहीपूजन त्याच चोपड्यावर करायचे ठरले आहे. ती घरून केक आणि नानकटाई करून विकते. ‘श्री सरकार’ आणि ‘श्री धर्मादाय’ यांच्यानंतर तिसरे पान कोणत्या नावाने उघडायचे, ते काका स्वतःच्या हाताने लिहिणार आहेत.